सौर रेडिओ स्फोट केवढा होता, हे विचारताना वारंवारता का सांगावी लागते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एकाच सौरज्वालेच्या (सूर्यावरच्या अचानक ऊर्जास्फोटाच्या) वेळी, त्याच दोन-तीन मिनिटांत, २४५ मेगाहर्ट्झवर रेडिओ तीव्रतेचा चार हजार एककांचा स्फोट नोंदला गेला, १४१५ वर जेमतेम पन्नासाचा, ८८०० वर पुन्हा पाचशेचा आणि १५४०० वर दोनशेचा. मग स्फोट नेमका केवढा होता? आणि मधला आकडा एवढा खाली आहे म्हणजे तिथलं यंत्र बिघडलं होतं का?

यंत्र ठीक होतं. चारही आकडे खरे आहेत. अडचण ‘केवढा’ या शब्दात आहे. सातारा जिल्ह्यात वर्षाला पाऊस किती पडतो, असं कोणी विचारलं तर आपण काय सांगू? महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. दोन्हींची सरासरी काढता येते, पण ती ना महाबळेश्वरच्या कामाची ना माणच्या. सौर रेडिओ स्फोटाचं तसंच आहे. वारंवारता बदलली की आपण सूर्यावरची वेगळी जागा पाहत असतो, आणि बऱ्याचदा किरण निर्माण होण्याची रीतच वेगळी असते. एकाच घटनेतून दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडतात आणि आपण त्यांना एक नाव देतो.

आधी एककाबद्दल. एक सौर फ्लक्स एकक म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १० चा उणे २२ वा घात इतके वॉट. ऐकायला नगण्य वाटतं, पण दूरच्या तारकाविश्वांसाठी वापरतात त्या जान्स्कीच्या हे दहा हजार पट आहे. कॅसिओपिया ए हा आकाशातल्या सर्वांत तेजस्वी रेडिओ स्रोतांपैकी एक. १ गिगाहर्ट्झवर तो अर्ध्या सौर एककाचाही भरत नाही. शांत सूर्य मात्र कायम काही एकक देतच असतो, आणि ही शांत पातळी वारंवारतेबरोबर चढत जाते. २४५ मेगाहर्ट्झवर ती दहा-पंधरा एकक असते. २८०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे कॅनडात १९४७ पासून रोज मोजल्या जाणाऱ्या त्या प्रसिद्ध १०.७ सेंटिमीटरच्या आकड्यात, सौरचक्राच्या तळाशी सत्तरच्या जवळ आणि माथ्यावर दोनशेच्या पुढे. १५४०० वर ती पाचशेच्या आसपास जाते. त्यामुळे तुमच्या तक्त्यातले दोनशे एकक १५४०० वर पार्श्वभूमीच्या निम्मेही नाहीत, तर २४५ वरचे चार हजार हे शांत सूर्याच्या काही शे पट आहेत. आकडा पार्श्वभूमी वजा करून दिलाय की एकूण दिलाय, हे प्रत्येक यादीत आधी तपासा. नव्या माणसाची निम्मी गल्लत इथेच होते.

आता खालच्या वारंवारतांकडे येऊ, कारण खरी धमाल तिथे आहे.

सूर्याभोवतीच्या प्रभामंडळात इलेक्ट्रॉनांची घनता जितकी, त्यानुसार तिथल्या प्लाझ्माची (विद्युतभारित वायूची) स्वतःची एक वारंवारता ठरते. हिशोब सोपा आहे: घन सेंटिमीटरमागे इलेक्ट्रॉन किती, त्याचं वर्गमूळ काढा आणि ९ ने गुणा, उत्तर किलोहर्ट्झमध्ये येतं. दहा कोटी इलेक्ट्रॉन असतील तर ९० मेगाहर्ट्झ, हजार कोटी असतील तर ९०० मेगाहर्ट्झ. पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात चार-पाचच इलेक्ट्रॉन असतात, तिथे २० किलोहर्ट्झच्या आसपास. सूर्यापासून दूर जाऊ तसतशी घनता कमी होते, म्हणून वारंवारता हे उंची मोजण्याचं मापच बनतं. वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत या प्लाझ्मातून धावतो तेव्हा तिथे लाटा उठतात, आणि त्या लाटांतून त्या जागेच्या वारंवारतेचे किंवा तिच्या दुपटीचे रेडिओ तरंग बाहेर पडतात.

हे किरण एवढे प्रबळ का असतात? कारण इथे इलेक्ट्रॉन सुटे-सुटे काम करत नाहीत. बाजारात हजार माणसं आपापलं बोलत असली तर नुसता गलका ऐकू येतो. दिंडीत शेकडो टाळ एका ठोक्यावर पडतात तेव्हा तो नाद पुढच्या गावापर्यंत पोचतो. एकतालात चाललेल्या या उत्सर्जनाचं तेजस्वी तापमान (एवढं तेज नुसत्या उष्णतेने यायला वायू किती तापावा लागला असता, तो आकडा) १० चा १२ वा घात केल्विन आणि त्याच्याही वर जातं, आणि प्रभामंडळाचं स्वतःचं तापमान मात्र दहा-वीस लाख केल्विन असतं. म्हणून एखादी लहानशी, क्ष-किरणांत जेमतेम दिसणारी ज्वालाही २४५ मेगाहर्ट्झवर हजारो एकक दाखवू शकते. आणि उलटही होतं: मोठी ज्वाला होऊन गेली तरी झोताला बाहेर पडायला मोकळी चुंबकीय रेषाच मिळाली नाही, तर मीटर तरंगलांबीवर, म्हणजे या खालच्या वारंवारतांवर, फारसं काही दिसत नाही.

पॉल वाइल्ड आणि मॅकक्रेडी यांनी ऑस्ट्रेलियात १९५० साली या स्फोटांचे पहिले तीन प्रकार केले, ते आजही चालतात. तिसरा प्रकार म्हणजे वर सांगितलेला झोत: प्रकाशाच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत वेग, काही सेकंदांत शेकडो मेगाहर्ट्झवरून काही दहा मेगाहर्ट्झपर्यंत घसरण. याची तीव्रता वारंवारता कमी होईल तशी साधारणपणे वाढत जाते, आणि अंतराळयानांच्या नोंदींप्रमाणे सरासरीने १ मेगाहर्ट्झच्या आसपास कळस गाठते. मग उतरते. हा कळस जमिनीवरून दिसत नाही. दहा-पंधरा मेगाहर्ट्झच्या खालचं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, अडवतं, म्हणून ‘विंड’, ‘स्टीरिओ’, ‘पार्कर’ अशा यानांच्या अँटेनांवर अवलंबून राहावं लागतं. जमिनीवरच्या दुर्बिणीत स्फोट खालच्या टोकाला सर्वांत ठळक दिसला, तर तो तिथे संपला असं समजू नका. तो पुढे यानांच्या नोंदीत जास्त मोठा असण्याचीच शक्यता असते.

दुसरा प्रकार धक्कालहरीचा. तो सावकाश उतरतो, मिनिटं घेतो, आणि त्याची तीव्रता अतिशय ठिगळासारखी असते. एका पट्ट्यात हजार एकक आणि शेजारच्या वीस मेगाहर्ट्झमध्ये काहीच नाही, असं सहज घडतं. ठरावीक आठ वारंवारता मोजणाऱ्या केंद्राच्या आकड्यांवरून दुसऱ्या प्रकाराची ताकद सांगणं मला धोक्याचं वाटतं. लहर नेमकी त्या आठांपैकी एखाद्या वारंवारतेवर उजळली का, एवढंच त्यातून कळतं. पहिला प्रकार म्हणजे गोंगाटी वादळं, सौरडागांच्या वर तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस चालणारी, अरुंद पट्ट्यांची, मुख्यतः काही शे मेगाहर्ट्झच्या खाली. चौथा नंतर भर पडलेला, रुंद पट्ट्याचा आणि लांबलेला.

आता दुसऱ्या टोकाला, गिगाहर्ट्झकडे. इथे दिंडी नाही, बाजार आहे. शेकडो किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपासून काही मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन चुंबकीय कमानीत अडकून रेषांभोवती गरगरत असतात. चुंबकीय क्षेत्राच्या एका गॉसमागे गरगरण्याची वारंवारता २.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे ३०० गॉसच्या कमानीत ती ८४० मेगाहर्ट्झ. पण वेग प्रकाशाच्या जवळचा असल्यामुळे किरण तिच्या दहापट ते शंभरपट वारंवारतांवर निघतात, आणि आपोआप आपण ८-१० गिगाहर्ट्झच्या आणि त्यापुढच्या पट्ट्यात येतो. या गायरोसिंक्रोट्रॉन किरणांचा वर्णपट मोठा शिस्तीचा असतो. कळसाच्या खालच्या बाजूला स्रोत स्वतःचेच किरण शोषून घेतो, त्यामुळे तिथे वारंवारतेच्या साधारण २.९ व्या घातानुसार चढ असतो. कळसाच्या वर स्रोत पारदर्शक होतो आणि उतार इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जावाटपावर ठरतो. ड्यूल्क आणि मार्श यांनी १९८२ साली दिलेलं सूत्र इथे फार उपयोगी आहे: उताराचा घातांक म्हणजे १.२२ वजा ०.९ गुणिले डेल्टा, जिथे डेल्टा हा इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जावाटपाचा घातांक (तो जितका मोठा, तितके जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कमी). म्हणजे दोन-तीन वारंवारतांवरच्या आकड्यांवरून, सूर्याला हातही न लावता, तिथल्या इलेक्ट्रॉनांची जातकुळी सांगता येते. इतकी वर्षं हे काम करूनही मला याचं अप्रूप वाटतं.

चुंबकीय क्षेत्र वाढलं किंवा इलेक्ट्रॉनांची संख्या वाढली की कळस उच्च वारंवारतेकडे सरकतो. त्यामुळे एका स्फोटादरम्यानही तो हलतो: चढत्या काळात वर, ओसरताना खाली. क्वचित काही महाकाय ज्वालांत २०० गिगाहर्ट्झच्या पुढे तीव्रता पुन्हा चढू लागते. ४ नोव्हेंबर २००३ च्या ज्वालेत अर्जेंटिनातल्या दुर्बिणीने २१२ आणि ४०५ गिगाहर्ट्झवर ते पाहिलं. तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, म्हणून पुढे जातो.

तर तुमच्या आकड्यांतली मधली दरी, म्हणजे १४१५ वरचे ते पन्नास. खालून प्लाझ्माचं उत्सर्जन वर येतं, पण १ गिगाहर्ट्झच्या आसपास घनता हजार कोटींच्या पुढे गेलेली असते. इतक्या दाट वायूत इलेक्ट्रॉन आयनांवर सतत आदळत असतात आणि निर्माण झालेले किरण बाहेर पडण्याआधीच शोषले जातात. वरून गायरोसिंक्रोट्रॉन खाली येतं, पण स्वतःच्याच शोषणामुळे ते घसरत आलेलं असतं, आणि आजूबाजूचा प्लाझ्मा दाट असेल तर आणखी दबतं. दोन्हींच्या मध्ये, साधारण ६०० ते २००० मेगाहर्ट्झच्या भागात खड्डा पडतो. दोन्ही कडा उंच आणि मध्ये खोल, अशा वर्णपटाला इंग्रजी यू अक्षराचा वर्णपट म्हणतात. कास्टेली यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की दोन्ही कडा हजार एककांच्या वर असतील तर त्या ज्वालेनंतर पृथ्वीजवळ प्रोटॉनांचा मारा येण्याची शक्यता बरीच जास्त. तुमच्या घटनेत उजवी कड पाचशेवरच थांबली आहे, म्हणून हा निकष इथे लागत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो चांगल्या अभ्यासकांच्याही लिखाणात डोकावतो. ‘यू प्रकारचा स्फोट’ ही निराळी गोष्ट आहे. त्यात वेळेनुसार वारंवारता आधी खाली जाते आणि मग परत वर येते, कारण इलेक्ट्रॉन बंद कमानीवरून चढून पलीकडे उतरतात. यू वर्णपटाच्या आलेखात आडवी अक्ष वारंवारता आणि उभी तीव्रता असते; यू स्फोटाच्या आलेखात आडवी अक्ष वेळ आणि उभी वारंवारता. हा यू स्फोट १९५८ साली ॲलन मॅक्सवेल यांच्याबरोबर जगासमोर ठेवला तो गोविंद स्वरूप यांनी, अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या फोर्ट डेव्हिसच्या नोंदींवरून. तेच स्वरूप भारतात परतल्यावर ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या ३२ छोट्या तबकड्या घेऊन १९६५ साली कल्याणला पोचले आणि तिथे ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचा वेध घेऊ लागले. म्हणजे याच दरीच्या काठावर. पुढे उटीची रेडिओ दुर्बीण, आणि मग नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, हा सगळा प्रवास त्या कल्याणच्या तबकड्यांपासून सुरू होतो. लोकल पकडून त्या गावातून रोज जाणाऱ्या लाखो लोकांपैकी फार थोड्यांना हे माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं.

आता दरीबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: ती नेहमीच दरी राहत नाही. ६ डिसेंबर २००६ रोजी, सौरचक्र तळाकडे उतरलेलं असताना, एक्स ६.५ वर्गाची ज्वाला झाली (क्ष-किरणांतल्या ताकदीनुसार ज्वालांचे वर्ग करतात; एक्स हा सर्वांत वरचा, एम त्याच्या खालचा). तिच्याबरोबर १.४ गिगाहर्ट्झच्या आसपास तीव्रता दहा लाख एककांच्या पुढे गेली. जिथे एरवी शंभर-दोनशे अपेक्षित असतात तिथे दहा लाख. जीपीएसचे संकेत १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झवर येतात आणि उजव्या वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे असतात. दुर्दैवाने हा स्फोटही उजव्याच ध्रुवीकरणाचा होता. पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूचे, विशेषतः दोन वारंवारता वापरणारे अचूक रिसीव्हर उपग्रहांची पकड गमावून बसले. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटली होती, त्यामुळे आपल्याकडच्या रिसीव्हरांना त्याची झळ लागली नाही. त्याआधीच्या दिवशीची ज्वाला क्ष-किरणांत मोठी होती, एक्स ९. क्ष-किरणांचा वर्ग पाहून या पट्ट्यातल्या रेडिओ तीव्रतेचा अंदाज बांधता येत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

किंवा आहे. ४ नोव्हेंबर २०१५, ज्वाला फक्त एम ३.७. तरीही १ गिगाहर्ट्झजवळ प्रचंड स्फोट झाला आणि स्वीडनमध्ये विमानांचा मागोवा घेणाऱ्या दुय्यम रडारांच्या पडद्यावर सूर्याच्या दिशेने खोट्या खुणा उमटल्या. ही रडारं १०३० आणि १०९० मेगाहर्ट्झवर चालतात आणि दुपारचा सूर्य क्षितिजाजवळ, म्हणजे अँटेनाच्या नजरेच्या रेषेतच होता. त्या वेळी २८०० मेगाहर्ट्झचा आकडा पाहून कोणालाही धोक्याची शंका आली नसती. ही जुनीच गोष्ट आहे: फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश लष्कराची रडारं गोंगाटाने भरून गेली तेव्हा आधी जर्मनांवर संशय होता. तो गोंगाट सूर्याकडून येतोय हे जेम्स स्टॅन्ली हे यांनी ओळखलं, आणि सौर रेडिओ खगोलशास्त्र तिथून सुरू झालं. मे १९६७ मध्ये अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-सूचना रडारांच्या बाबतीत पुन्हा तसंच झालं.

या दरी भरणाऱ्या स्फोटांमागेही एकतालातलं उत्सर्जनच असतं. तीव्र चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचा मेसर (लेसरसारखं, पण रेडिओ तरंगांचं प्रवर्धन) हे त्याचं मला सर्वांत पटणारं स्पष्टीकरण आहे. असे स्फोट अरुंद पट्ट्यांचे आणि मिलिसेकंदांत उसळणारे असतात, ध्रुवीकरण जवळजवळ पूर्ण असतं. ध्रुवीकरणाची नोंद उपलब्ध असेल तर ती आधी पाहा. गायरोसिंक्रोट्रॉन सहसा एवढं ध्रुवित नसतं.

आता प्रत्यक्ष कामाचं. सुरुवातीच्या वर्षांत मी एक चूक केली, आणि ती लक्षात यायला कित्येक महिने गेले. घटनांच्या यादीतून प्रत्येक वारंवारतेचा कमाल आकडा उचलला आणि एका आलेखावर जोडला. वर्णपट देखणा आला. पण २४५ चा कमाल क्षण आणि ८८०० चा कमाल क्षण यांच्यात चार मिनिटांचं अंतर होतं. तो वर्णपट सूर्यावर कोणत्याही क्षणी अस्तित्वातच नव्हता. म्हणून सगळ्या वारंवारतांचे आकडे एकाच सेकंदाचे घ्या. आधी ८८०० चा कमाल क्षण निवडा, त्या क्षणी बाकीच्या सातांवर काय होतं ते पाहा, मग २४५ च्या कमाल क्षणाला तेच करा. दोन वेगळे वर्णपट मिळतील आणि दोन्ही खरे असतील. दोन्ही अक्ष लॉगॅरिथमच्या घ्या, नाहीतर चढ-उतारांचे घातांक दिसणारच नाहीत. स्फोटाआधीच्या दहा-पंधरा मिनिटांची पातळी वजा करा.

आठ वारंवारता मोजणारी केंद्रं ऑस्ट्रेलियात लिअरमंथ आणि इटलीत सान व्हितो इथे आहेत. आपल्याकडे दुपार असते तेव्हा दोघांनाही सूर्य दिसतो. दोघांचे आकडे शेजारी ठेवा. एका ठिकाणी आलेख माथ्यावर सपाट झाला असेल तर तो स्फोट सपाट नव्हता, रिसीव्हरची मर्यादा संपली होती.

तुमच्या कॉलेजात कॅलिस्टो, म्हणजे सौर स्फोटांचा वर्णपट नोंदवणारा रेडिओ रिसीव्हर, बसवणार आहात म्हणून आणखी थोडं. हे यंत्र स्वस्त आहे, जगभर चालतं, गौरीबिदनूर आणि उटीलाही आहे. पण त्याच्या फायलीतली चमक म्हणजे तीव्रता नव्हे. त्यातला आकडा डेसिबलच्या प्रमाणातला असतो आणि त्यात अँटेनाचं वारंवारतेनुसार बदलणारं ग्रहण, केबलमधली घट आणि खालच्या टोकाला आकाशगंगेचा गोंगाट, सगळं मिसळलेलं असतं. कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या तीव्रतेशी यंत्राचा आकडा जुळवणं, केल्याशिवाय ‘५० वर प्रखर, ४०० वर फिका’ असं लिहू नका. कदाचित फिकी तुमची अँटेना असेल. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झची एफएमची पट्टी सोडून द्या. वीज कडाडली की सगळ्या वारंवारतांवर एकाच क्षणी उभी रेघ येते, शेतातल्या पंपाच्या स्टार्टरचीही तशीच येते. सौर झोताची रेघ नेहमी थोडी तिरपी असते, कारण इलेक्ट्रॉनांना वर चढायला वेळ लागतो.

आता तुमचे आकडे. ८८०० वर ५०० आणि १५४०० वर २००: वारंवारता १.७५ पट झाली आणि तीव्रता अडीचपट घटली, म्हणजे उताराचा घातांक उणे १.६ च्या जवळ. वरच्या सूत्रात घातलं तर डेल्टा ३.२ येतो. पण ८८०० हा तुमचा कळस किंवा त्याच्या अगदी शेजारचा बिंदू आहे, आणि कळसाजवळ उतार नेहमी सौम्य दिसतो. खरा उतार यापेक्षा तीव्र असणार, म्हणून डेल्टा निदान ३.२ आहे एवढंच आत्ता म्हणता येतं. ४९९५ चा आकडा तुम्ही दिलेला नाही, तो शोधा. कळस नेमका कुठे आहे ते त्यावरून ठरेल. आणि स्फोट आपल्या सकाळच्या वेळी झाला असेल तर तेव्हा जपानमध्येही दिवस होता. तिथल्या नोबेयामा वेधशाळेचे १७ आणि ३५ गिगाहर्ट्झचे आकडे खुले आहेत. ते दोन बिंदू मिळाले की उतार नीट काढता येईल, आणि मग डेल्टाचा आकडा मी तुमच्याबरोबर बसून तपासेन.